तिळाएवढी जागा

१

रेशमावर रंग भरणं म्हणजे रंग भरणं नव्हेच, रंगाला अडवणं. ताणलेल्या रेशमावर ओल्या रंगाचा थेंब टेकवा, तो तुमची परवानगी विचारायला थांबत नाही. सुटलाच. ज्याला पटत नसेल त्यानं हातभर रेशीम ताणून करून पाहावं आणि मग बोलावं.

म्हणून आधी रेघ. रेशीम चौकटीवर टाचण्यांनी असं ताणायचं की टिचकी मारली तर डफासारखं वाजलं पाहिजे. मग बारीक टोचीच्या बाटलीतून डिंक सोडत चित्राची कड काढायची. हा डिंक बिनरंगाचा, पाण्यासारखा. वाळला की पांढऱ्या रेशमावर डोळे फोडले तरी दिसत नाही. तिरक्या उजेडात तेवढा चमकतो. पण रंग तिथवर आला की भिंत लागल्यासारखा थांबतो. रेघ सलग हवी, एवढंच. कुठे टाचणीच्या टोकाएवढी जागा राहिली की रंग तिथून पळाला, आणि आठ दिवसांचं काम मातीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकतीस वर्षं थोरली रेघ ओढायची आणि धाकटी रंग भरायची. सख्ख्या जावा. दोघींचे नवरे लवकर गेले, पोटासाठी म्हणून हे काम धरलं आणि त्यातच केस पिकले. मध्ये चौकट, थोरलीचं स्टूल खिडकीच्या बाजूला, धाकटीचं समोर, दाराच्या बाजूला. दिवसभर तोंडासमोर तोंड, आणि बोलणं मोजकं. जावाजावांत असते तेवढीच गोडी, तेवढाच तिखटपणा.

थोरलीची एक रीत होती. सगळी रेघ सलग ओढायची आणि एका ठिकाणी मुद्दाम तिळाएवढी जागा सोडायची. त्या जागेला दोघी तीळच म्हणायच्या. धाकटीनं तो तीळ शोधायचा, आपल्या हातानं डिंक लावून बुजवायचा आणि मगच ब्रश रंगात घालायचा.

"ही काय थट्टा, जाऊबाई?" धाकटीनं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"थट्टा कसली? तीळ सापडला म्हणजे तू सगळी रेघ डोळ्यांखालून घातलीस. आणि शेवटी रेघ बंद केलीस ती तू. उद्या रंग फुटला तर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

"तुमचं नाव घ्यायला बसलंय कोण!"

हे मात्र खरं होतं. कोपऱ्यातली सही धाकटीची असायची. रंग दिसतो, रेघ दिसत नाही; शेवटी वाफ देऊन कापड धुतलं की डिंक निघून जातो आणि रेघेच्या जागी उरते ती नुसती पांढरी वाट. लोकांनी धाकटीला कलाकार म्हटलं आणि धाकटीनं म्हणू दिलं. ब्रश धुतला की ती तो काचेच्या वाटीच्या काठावर तीनदा वाजवायची, टिण टिण टिण. थोरली समोरून बघत राहायची.

एकदाच, फार वर्षांपूर्वी, थोरली म्हणाली होती, "एखादा रुमाल मी भरून बघू का गं? पूर्ण नाही, मधला भाग."

"तुम्ही आपलं रेघेपुरतं बघा. रंगाला हात लागतो."

थोरलीनं परत विचारलं नाही. कोणता रंग घेणार होतात, असं धाकटीनंही विचारलं नाही.

२

थोरली गेली त्याला आठ महिने झाले. झोपेत गेली, कुणाला त्रास न देता. तेही तिच्या स्वभावाला धरूनच. तिचं स्टूल धाकटीनं हलवलं नव्हतं. हळवेपणा वगैरे काही नाही. खिडकीखाली तेवढीच जागा, तिथे दुसरं ठेवायचं तरी काय? मात्र त्यावर ती बसलीही नव्हती.

आजवर येईल त्याला धाकटी सांगत आली होती, "रेघ काय, पाटीवर पोरंही ओढतात. जीव असतो तो रंगात." आता बाटली स्वतःच्या हातात आली. तिची रेघ वाट चुकलेल्या मुंगीसारखी चालायची. इथे जाड, तिथे तुटकी. पहिल्या चार रुमालांत रंग फुटला. पानातला हिरवा आभाळात गेला, आभाळ फुलात उतरलं. एकतीस वर्षं ह्यांचा माल घेणाऱ्या दुकानवालीनं ते चारही रुमाल नीट घडी करून समोर ठेवले.

"मावशी, राग मानू नका. छापील माल ह्याहून साफ येतो हो."

"मग छापीलच विका. आणि छापीलच गिऱ्हाईक शोधा."

"चिडू नका ना. असं करा, मला दाराएवढा एक पडदा करून द्या. निळा. रेघ पहिल्यासारखी असली तर पुढचं सगळं काम तुमचंच. नसली तर…"

"नसली तर काय, ते मला कळतं. केस उन्हानं नाही पिकले माझे."

लेकीला हे कळलं तशी ती धापा टाकत जिना चढून आली आणि दारातच बसली. "आई, एकदाच बोलते. पडदा जमला तर मी तोंड उघडणार नाही, राहा इथेच. नाही जमला तर खोलीला कुलूप आणि तू माझ्याकडे. कबूल?"

"कबूल."

"नंतर म्हणशील मी कुठे म्हणाले."

"म्हणणार नाही. तुझ्या बापावर गेली आहेस, वकील व्हायची ती माझ्या पोटी आलीस."

लेकीकडे काही कमी नव्हतं. पलंग, पंखा, वेळेवर जेवण, दोन गोड नातवंडं. उत्तरेचा उजेड तेवढा नव्हता, आणि चौकट मावेल एवढी मोकळी जमीन नव्हती. तिथे गेलो की आपण घरातली म्हातारी होणार, दुसरं काही नाही, हे धाकटी पक्कं जाणून होती. ही खोली सुटली तर सगळं सुटलं. तिनं सरावाचा पाचवा रुमाल ताणला.

३

दिवसाचा क्रम ठरलेला होता. सकाळी रेघ. बारा वाजता जेवण. मग दोनेक तास आतल्या खोलीत आडवं व्हायचं, तेवढ्यात डिंक वाळतो. तीन वाजता रंग. थोरली असतानाही धाकटी ह्या वेळी झोपायचीच. थोरली कधी झोपायची नाही. दुपारचा उजेड फुकट घालवायला मी काही जमीनदार नाही, म्हणायची.

पाचव्या रुमालावर सात पानं होती. धाकटीनं रेघ ओढली, तिची तिलाच आवडली नाही, आणि ती जेवून आडवी झाली. तीन वाजता हिरवा घेऊन बसली. रंग कुठून फुटतो ते बघायला कापूस हाताशी ठेवला. पहिलं पान भरलं. हिरवा काठापर्यंत गेला आणि थांबला. दुसरं. तिसरं. सहावं पान भरताना एका ठिकाणाहून रंगानं बारीकसं नाक बाहेर काढलं. तिनं कापूस टेकवला, पुसलं, तिथे डिंक लावला.

एकाच ठिकाणी फुटला होता, आणि तोही केवढा? तिळाएवढा.

चला, हात बसला, ती मनाशी म्हणाली. पन्नास वेळा पडलं की पोरही चालायला लागतं. तिला आनंद झाला. खरंच झाला. संध्याकाळी रुमाल खिडकीशी धरला, तेव्हा प्रत्येक पानाच्या देठाशी, जिथे रेघ संपते तिथे, तिला एक बारीक टिंब दिसलं. डिंकाचं. बाटली उचलताना थोरलीच्या हातून ते टिंब पडायचं, नेहमी. धाकटी बाटली ओढून उचलते, तिचं टिंब पडत नाही.

तिनं रुमाल खाली ठेवला. टिंबाचं काय, पडतं एखाद्या वेळी.

सात वेळा पडलं होतं.

४

पुढच्या रुमालाला तिनं मुद्दाम वाईट रेघ ओढली. दोन ठिकाणी तर सरळ तोडली आणि कुठे तोडली ते लक्षात ठेवलं. जेवली, आडवी झाली, उठली. रेघ दोन्हीकडे जुळलेली होती. तीळ तिसरीकडेच होता.

माणसानं अशा वेळी घाबरावं की नाही? धाकटी आधी हिशेबी बाई. तिनं बाटलीला डिंकाच्या पातळीवर दोरा बांधला, बाटली पत्र्याच्या डब्यात घातली, डब्याला कुलूप, किल्ली कमरेला. तीन वाजता कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली कमरेला होती आणि डिंक दोऱ्याच्या बोटभर खाली गेला होता.

तिनं आधी आपली नखं तपासली. डिंक नखात वाळला की पापुद्रा निघतो, दोन दिवस जात नाही. नखं साफ होती. असता डिंक तर बरं झालं असतं. मीच झोपेत उठते, ओढते आणि विसरते, असं म्हणता आलं असतं. तेही लेकीला सांगण्यासारखं नव्हतंच म्हणा. लेकीनं त्याच दिवशी बोचकं बांधलं असतं. पण स्वतःला सांगायला तरी काही मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती आडवी झाली, पण झोपली नाही. डोळे मिटून पडून राहिली. खालच्या इस्त्रीवाल्याकडचा रेडिओ बंद झाला. नळाचं पाणी थांबलं. मग चौकट बारीकशी करकरली, कोपर टेकल्यावर करकरते तशी. थोडा वेळ काही नाही. नंतर, सर्र. टोची रेशमावरून जाते तो आवाज. ऐकलेल्यालाच ऐकू येतो, बाकीच्यांना वाटेल कुठेतरी कागद सरकला. सर्र. थांबा. सर्र. मधले थांबे श्वासाएवढे. थोरली श्वास सोडताना रेघ ओढायची, घेताना थांबायची.

धाकटी उठली नाही. ती भित्री होती म्हणून नव्हे. ह्या बाईनं भर बाजारात दोन गुंडांना चपलेनं बडवलं होतं. ती उठली नाही, कारण उठली असती तर दोन्हीपैकी एक झालं असतं: तिथे कुणी नसतं, नाहीतर असतं. आणि काहीही असो, रेघ थांबली असती. पडदा द्यायला नऊ दिवस उरले होते.

ती कूस बदलून पडून राहिली. भिंतीकडे तोंड करून.

शनिवारी लेक आली. तिनं रुमाल हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मोठीआईच्या हातचा आहे ना गं? कुठे ठेवला होतास इतके दिवस?"

"मोठीआईच्या हातचा नाही. माझ्या."

"रेघ पण?"

"रेघ पण. का, मला हात नाहीत?"

लेकीनं रुमाल पुन्हा उलटा करून पाहिला. "कमाल आहे आई तुझी. एकतीस वर्षं उगीच त्या माउलीला राबवलंस मग."

चेष्टा होती. धाकटी हसली. चौकटीवर टाचणीनं ताणलेलं कोरं रेशीम होतं, त्यातून एक टाचणी सुटून टण्णदिशी फरशीवर पडली. लेकीनं वाकून उचलून दिली.

५

पडदा दाराएवढा, म्हणून चौकटही दाराएवढी. चार लाकडी घोड्यांवर आडवी टाकली तेव्हा खोलीत कडेनं चालण्यापुरती वाट उरली. चित्र साधंच ठेवलं. दोन्ही लांब कडांना उंच गवत, मध्ये सगळं निळं पाणी. एकही मासा नाही, होडी नाही. मोकळा निळा भरायला सगळ्यात कठीण, आणि तोच तर धाकटीचा हातखंडा. तिथे तिला थोरलीची गरज नव्हती. निदान तिथे तरी.

गवताला तीन दिवस लागले. सकाळी ती आपली थरथरती पाती ओढायची. दुपारी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. तिसऱ्या दुपारी सर्र फार वेळ चाललं. चौकट ह्या टोकाला करकरली, मग त्या टोकाला, मग मध्ये. गवत तर काठालाच होतं. मध्ये काय आहे, असा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो पुढे जाऊ दिला नाही.

उठून तिनं सगळं गवत तपासलं. पातं न् पातं सुरेख झालं होतं. तीळ डावीकडच्या अकराव्या पात्याच्या बुडाशी सापडला. तिनं तो बुजवला. मधलं कोरं रेशीम तिनं तपासलं नाही. तिथे रेघच नव्हती तर तपासायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. "आज निळा ना? मी चारला येते. पण वर नाही हं, पाय मुरगळलाय माझा, खाली गाडीत थांबते. हाक मारीन. जमला असेल तर खाली ये आणि तोंड दाखव. मला तुझं जिंकलेलं तोंड बघायचंय."

"आणि नाही जमला तर?"

"तरीपण खाली ये. तेही तोंड बघायचंय."

६

मोठा निळा भरायचा तर एक नियम आहे: थांबायचं नाही. मध्ये दम घेतला की ओली कड वाळते, तिथे गडद डाग उठतो आणि तो देव आला तरी निघत नाही. म्हणून रंग आधीच भांडंभर कालवून ठेवायचा, रुंद ब्रश घ्यायचा, फोन वाजो की घराला आग लागो, ह्या काठापासून त्या काठापर्यंत ओल्याला ओलं लावत जायचं.

धाकटीनं दोन वाजता आपल्या बाजूनं सुरुवात केली. पहिला हात, दुसरा हात. निळा रेशमात असा उतरत होता की तिला स्वतःचाच हेवा वाटला.

चौथ्या हाताला रंग एका जागी थांबला.

पाण्याच्या ऐन मध्यावर. तिनं ब्रश पुढे नेला, निळा एका गोल वळणाच्या भोवतीनं वाहत गेला आणि आत शिरला नाही. आत पांढरं राहिलं. मुठीएवढं.

थांबता येत नव्हतं. तिनं पाचवा हात घातला. पांढरं आणखी मोठं झालं. मुठीला लागून एक मोठा गोल आला, मग तो निमुळता झाला, मग दोन्हीकडे पसरला. कुठली रेघ आहे हे तिला दिसत नव्हतं. रंग जिथे अडेल तिथे ती उमटत होती. म्हणजे काढलेलं थोरलीनं होतं आणि दाखवत होती धाकटी, स्वतःच्या हातानं, हातामागून हात. ब्रश खाली ठेवला असता तर दाखवणं थांबलं असतं. पण पडदा गेला असता, आणि पडद्याबरोबर खोली.

ती घोड्यांच्या कडेकडेनं सरकत गेली. हात नववा, दहावा. आता एक लांब उतरण आली, तिला कोन होता. कोनाच्या पुढे पाच बारीक फांद्या, त्यांत धरलेली एक काडी. काय आहे हे तिला ओळखू येईना, कारण चित्र तिच्या बाजूनं उलटं होतं. ते समोरून बघणाऱ्यासाठी होतं.

तिच्या कपाळावरचा घाम तिनं खांद्याला पुसला. एकही थेंब रेशमावर पडू दिला नाही. ह्याला म्हणतात हात.

शेवटचे दोन हात उरले तेव्हा ती खिडकीच्या बाजूला पोचली होती. पाठ मोडली होती, पाय भरून आले होते, आणि खालचा काठ गाठायला बसावंच लागत होतं. तिनं मागे न बघता पायानं स्टूल ओढलं आणि बसली.

आठ महिन्यांत पहिल्यांदा ती थोरलीच्या जागेवर बसली होती. तिनं मान वर केली आणि चित्र सुलटं दिसलं.

अंबाडा. त्याखाली पुढे झुकलेलं डोकं. उजव्या खांद्यापेक्षा डावा खांदा उतरलेला. धाकटीचा तो लहानपणी पडल्यापासून तसाच होता. कोपर चौकटीला टेकलेलं, हातात ब्रश. समोरच्या स्टुलावर बसून काम करणारी एक बाई, एकतीस वर्षं रोज बघितल्याशिवाय जिची कड अशी अचूक निघणार नाही. नाक नाही, डोळे नाहीत. नुसती कड, आणि आत कोरं पांढरं.

सुंदर झालंय, हे तिच्या मनात पहिलं आलं. दुकानवाली हे बघून वेडी होईल, हे दुसरं.

तिसरं काही यायच्या आत खिडकीच्या तिरक्या उजेडात तिला तीळ दिसला.

७

उजव्या पावलाच्या टाचेशी होता. निळा अजून तिथवर पोचला नव्हता. चार बोटं दूर होता, आणि येत होता. ओला रंग स्वतःच्या पायानं चालतो. त्याला ब्रश लागत नाही. चारची तीन बोटं झाली.

तीळ उघडा राहिला असता तर निळा आत शिरला असता. टाचेतून पोटरीत, तिथून वर, अंबाड्यापर्यंत. कड बुडाली असती. दाराएवढ्या पडद्याच्या मध्ये एक मोठा वेडावाकडा डाग, आणि संध्याकाळी खोलीला कुलूप.

एवढा विचार तिनं केला, असं म्हणायला जागा आहे. पण खरं सांगायचं तर विचार नंतर झाला, हात आधी गेला. एकतीस वर्षं ज्या हातानं रोज तीळ शोधला आणि बुजवला, त्या हाताला उघडा तीळ ठेवून उठणं माहीतच नव्हतं. बाटली डब्यात, कुलपाआड असायला हवी होती. ती तिला शोधावी लागली नाही. खिडकीच्या कठड्यावर, थोरली ठेवायची तिथे, उजव्या हाताला होती.

दोन बोटं. तिनं श्वास सोडला. सर्र. टाचेची रेघ टाचेला मिळाली. बाटली उचलताना एक टिंब पडलं.

निळा आला, रेघेला लागला आणि थांबला.

शेवटचे दोन हात तिनं घातले. काठ गाठला. उभी राहून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. एक डाग नाही, कुठे रंग फुटलेला नाही. असा पडदा ह्या खोलीत आजवर झाला नव्हता.

"आई!" खालून लेकीची हाक आली. चार वाजले होते. "जमला का?"

"जमला!"

"मग ये ना खाली!"

"आले!"

ती कडेकडेनं चौकटीला वळसा घालून दाराकडे निघाली. वाटेत तिचं स्वतःचं स्टूल होतं. त्यावरची गादी मध्ये दबली होती, फार नाही. थोरली अंगानं हलकी होती. धाकटीनं ते बघितलं, आणि माणूस ओळखीच्या दुकानावरून नजर न टाकता जातो तशी ती पुढे गेली.

दार उघडंच होतं. पुढे जिना, जिन्यात ऊन, उन्हात इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

कुणी धरलं नाही, ओढलं नाही. पाय दुखला नाही. उजवी टाच उंबऱ्यापाशी आली आणि पुढे गेली नाही, इतकंच. तिनं डावा पाय टाकून पाहिला. तोही तिथवरच. तिनं हात पुढे केला. बोटं दाराच्या चौकटीच्या रेषेत येऊन थांबली, एका ओळीत, आणि जराशी पसरली.

हे कसं थांबणं असतं ते जगात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"आई, किती वेळ? येतेस ना?"

"आले म्हटलं ना," धाकटी म्हणाली. आवाजही तिथवरच गेला असावा, कारण खालून पुन्हा तीच हाक आली. मग आणखी एकदा. गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला, आणि मुरगळलेल्या पायाची एक एक पायरी वाजू लागली.

लेकीनं चढू नये असं तिला वाटलं. चढावं असंही वाटलं. काही झालं तरी शब्द पाळला गेला होता. पडदा जमला होता आणि खोली आता तिचीच राहणार होती.

तिच्या मागे कुणीतरी ब्रश पाण्यात बुडवला आणि वाटीच्या काठावर वाजवला. टिण टिण टिण.

तिनं मागे वळून बघितलं नाही. रेघेनं बंद केलेली जागा भरायची तर रेघेपासून सुरुवात करायची नसते, हे तिनंच तर समोर बसून एकतीस वर्षं दाखवलं होतं. थेंब ऐन मध्यावर सोडायचा. रेघेकडे तो आपण होऊन जातो.

पाठीच्या मध्यावर तिला गार लागलं. मग ते पसरायला लागलं, बरगड्यांकडे, खांद्यांकडे, सावकाश, एकसारखं. हात चांगला होता. पहिल्या वेळेच्या मानानं फारच चांगला. बोटांच्या टोकांपर्यंत जाईल आणि थांबेल. बाहेर एक थेंब जायचा नाही, रेघ तिनं स्वतः बंद केली होती.

तिला एवढंच कळेना की थोरलीनं रंग कोणता घेतलाय.